पावती कुणाच्या नावावर?

मागच्या कापणीच्या सणाला आमच्या मंडळीत एक छापील कागद वाटला. वर लिहिलं होतं, ‘तरुणांनो, मंडळीनं तुम्हांला घडवलं. तुम्ही मंडळीला काय परत देणार?’ खाली तीन रेघा होत्या. पहिली दशांशासाठी, दुसरी वेळेसाठी, तिसरी अंगच्या कलागुणांसाठी. शेवटी नाव आणि सही. कागद भरून वेदीपाशी ठेवलेल्या सुपात टाकायचा होता. सूप सारवून, रंगवून, त्यात ज्वारीची कणसं मांडून ठेवली होती ती महिला संघानं, हे वेगळं सांगायला नकोच.

मी सव्वीस वर्षांची आहे. पुण्यात एका इस्पितळात नर्स आहे. सणासाठी रजा काढून गावी गेले होते. पाळकसाहेबांनी उपदेशात माझं नाव घेतलं. ही आपल्या मंडळीची लेक, हिच्या शिक्षणाला मंडळीनं हात दिला, आता देण्याची पाळी हिची, असं म्हणाले. लोकांनी वळून पाहिलं. आई मागच्या बाकावर पदरानं डोळे पुसत होती. मी तो कागद भरला नाही. त्या दिवशी नाही आणि त्यानंतरही नाही.

घरी आल्यावर आई एवढंच म्हणाली, “इतकी कृतघ्न कधी झालीस?” त्या शब्दाचं उत्तर द्यावं म्हणून हे लिहिते आहे. आईला तोंडी दिलंच आहे. पण हा प्रश्न आमच्या एका मंडळीचा नाही आणि आम्हां ख्रिस्ती बायकांपुरताही नाही, असं मला वाटतं. समाजानं घडवलं, समाजाचं फेडा, असं ज्या ज्या मुलीला सांगितलं जातं तिचा तो प्रश्न आहे.

आधी कर्ज कबूल करते. ते खरं आहे. आमचं घराणं नगर जिल्ह्यातलं (आता कागदोपत्री अहिल्यानगर). पणजोबा-पणजी गावकुसाबाहेरचे. गावाच्या विहिरीवर त्यांना पाणी नव्हतं आणि गावाच्या शाळेत जागा नव्हती. पणजीला पहिलं अक्षर दाखवलं ते मिशनच्या एका शाळाबाईनं, झाडाखाली बसवून. आमच्या जिल्ह्यात मुलींच्या शाळा निघाल्या त्या फार लवकर. सिंथिया फरार नावाची एकटी, बिनलग्नाची अमेरिकन बाई १८२७ साली मुंबईला आली, पुढं नगरला राहिली आणि १८६२ साली नगरलाच वारली. तिच्या शाळा जोतीरावांनी पाहिल्या होत्या. हा वारसा आमचा आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. पुढं १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यात घेतलं, ख्रिस्ती दलितांना घेतलं नाही. जात मात्र आमच्या अंगावरून कुणी उतरवली नाही. अशा वेळी माझ्या नर्सिंगची निम्मी फी तीन वर्षं मंडळीच्या फंडातून गेली. ते मी विसरलेले नाही.

प्रश्न एवढाच आहे की ज्याचं देणं लागते तो सावकार कोण?

फंडातला पैसा आला कुठून ते मला लहानपणापासून ठाऊक आहे, कारण तो जमवताना मी होते. नाताळाच्या आधी महिला संघ शाळेच्या पडवीत करंज्या, चिवडा करून विकतो. उन्हाळ्यात पापड, कुरडया, लोणची. कापणीच्या सणाला लिलाव होतो. आईनं वर्षभर राखलेली कोंबडी, चुलतीच्या वेलीवरचा भोपळा, कुणाचा क्रोशाचा रुमाल. उपासना संपली की मांडवात एक पुरुष माणूस टेबलावर उभा राहून बोली लावतो. आईची कोंबडी आमच्या बाबांनीच चढ्या भावानं घ्यायची, ही दरवर्षीची गंमत. सगळे हसतात, बाबा पैसे मोजतात, पावती फाटते. पावतीवर नाव बाबांचं.

कोंबडी दिली आईनं. तिला दाणे घातले आईनं. पैसेही बऱ्याच वेळा आईच्या मानधनातले, कारण बाबांचं काम हंगामी. वार्षिक अहवालात दात्यांची यादी छापतात तेव्हा आईचं नाव कुठंच नसतं. मी एकदा अहवालांचा गठ्ठा काढून बसले होते. विधवा सोडल्या तर यादीत बायका जवळजवळ नाहीतच. म्हणजे आमच्यात बाईला दाता व्हायचं तर आधी नवरा मरावा लागतो.

आणि नवरा मेल्यावर काय होतं, तेही सांगते. हा सगळा लेख खरं म्हणजे त्याच्यासाठीच आहे.

माझ्या लहानपणी आमच्याकडे जे पाळक होते त्यांच्या बायकोला सगळा गाव पाळकीणबाई म्हणे. आम्ही मुलं मावशी म्हणायचो. मला तिच्यामुळं वाचनाची गोडी लागली, नर्स व्हायचं तिनंच डोक्यात घातलं, फीसाठी कमिटीकडे अर्ज लिहून दिला तो तिनंच. शब्बाथशाळा ती घ्यायची. बुधवारी बायकांची प्रार्थना ती घ्यायची. कुणी आजारी असलं तर साहेब दहा मिनिटं प्रार्थना करून जात आणि मावशी रात्रभर बसे. मयताला आंघोळ घालायला मावशी. नवऱ्यानं मारलेली बाई रात्री अकराला कुणाच्या दारात जायची? पाळकांच्या. पण दार उघडायची मावशी, आणि अंथरूण टाकायची तीच. जिल्ह्यावरून पाहुणे आले की जेवण मावशीकडे. बदली झाली की सामान बांधायचं मावशीनं, नव्या गावात पुन्हा पहिल्यापासून. एकतीस वर्षं. किती गावं, विचारलं तर बोटं मोजते.

मावशी डी. एड. झालेली होती. लग्नानंतर तिला एका शाळेत नोकरी मिळत होती. त्या वेळच्या कमिटीनं साहेबांना सांगितलं, पाळकीणबाईच नोकरीवर गेल्या तर मंडळीकडे कोण बघणार? तिनं ती नोकरी सोडली.

चार वर्षांपूर्वी साहेब हृदयविकारानं गेले. दफनविधी मोठा झाला. सुंदर भाषणं झाली. साहेबांच्या सेवेत बाईंचा बरोबरीचा वाटा होता, असं तीन जण बोलले. मग पाचव्या आठवड्यात पत्र आलं. नवीन पाळक येणार असल्यामुळं निवासस्थान महिनाअखेर रिकामं करावं. शेवटची ओळ होती, ‘आम्ही आपल्या दुःखात सहभागी आहोत.’

मावशीनं अर्ज केला की मुलीचं शिक्षण होईपर्यंत तरी कंपाउंडातली मागची रिकामी खोली द्यावी. कमिटीचं उत्तर माझ्याकडे आहे. त्यात लिहिलं आहे की आपण संस्थेच्या सेवेत नसल्यामुळं असा हक्क पोचत नाही.

सेवेत नसल्यामुळं! नोकरी करू नका म्हणून सांगताना ती मंडळीची होती. खोली मागताना ती कुणाचीच नव्हती. आज ती तालुक्याच्या गावी एका भाड्याच्या खोलीत राहते, ब्लाउज शिवते. साहेबांच्या फंडाचे पैसे मुलीच्या शिक्षणात गेले. ती खोली, ती मागची, अजून रिकामी आहे. तिच्यात मांडवाचे बांबू ठेवलेत.

आता मला सांगा, माझं कर्ज मी कुणाला फेडायचं?

‘सेवा’ हा शब्द आपण जरा उलटासुलटा करून पाहिला पाहिजे. पाळकांचं काम ही सेवा आहे. पण त्या सेवेला पगार आहे, घर आहे, प्रॉव्हिडंट फंड आहे, निवृत्तीचं वय आहे. पाळकीणबाईंचं काम ही पण सेवा, आणि तिथं तो शब्द आला की पुढं काहीच नाही. पुरुषाच्या सेवेला नियमावली असते, बाईच्या सेवेला फक्त कौतुक. रेव्हरंड टिळकांची भजनं आम्ही दर रविवारी गातो. ते घर कसं चाललं, कोण चालवत होतं, हे जगाला कळलं ते लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ लिहून ठेवली म्हणून. बाकीच्या पाळकिणींनी काही लिहिलं नाही. त्यांना वेळ नव्हता.

हे चर्चमध्येच घडतं असं नाही. माझी आई अंगणवाडीत मदतनीस आहे. तिथंही हाच शब्द, सेविका. पगार म्हणायचं नाही, मानधन म्हणायचं. सरकार वर्षानुवर्षं सांगत होतं की या बायका कर्मचारी नाहीत, मानसेवी आहेत. बायकांनी मोर्चे काढले, जिल्हा परिषदेसमोर उन्हात बसल्या, आईही बसली. २०२२ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा लागू होतो. निकालाची बातमी युनियनच्या बाईंनी मोबाइलवर पाठवली तेव्हा आईनं मला मोठ्यानं वाचायला लावली. मला कृतघ्न म्हणणाऱ्या त्याच आईला मी त्या रात्री ही गोष्ट आठवण करून दिली. सरकारनं तुला मानसेवी म्हटलं तेव्हा तू उन्हात बसलीस. मंडळीनं मावशीला तेच म्हटलं, तेव्हा काय करायचं?

आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “तिथं सरकार होतं. इथं देव आहे.”

हे आमच्या घरातलं सगळ्यात अवघड वाक्य आहे आणि मी ते हसण्यावारी नेणार नाही. माझी आई भोळी नाही. तिला कमिटी आणि देव यांतला फरक कळतो. पण देणं देवाला द्यायचं आणि ते पिशवीतूनच जातं, दुसरी वाट तिला कुणी दाखवलेली नाही. म्हणून मी तिच्याशी तिच्याच पुस्तकातून बोलले. चळवळीतल्या मैत्रिणींना हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण आमच्या मंडळीत शास्त्रातला आधार नसेल तर बाईचं बोलणं कुणी ऐकूनही घेत नाही.

दानाच्या रविवारी आमच्याकडे ठरलेला पाठ असतो. मार्कच्या शुभवर्तमानाचा बारावा अध्याय, एक्केचाळिसावं वचन आणि पुढं. येशू मंदिराच्या भांडारासमोर बसला आहे, श्रीमंत लोक पुष्कळ टाकताहेत आणि एक गरीब विधवा दोन टोल्या टाकते, होतं नव्हतं ते सगळं. मग उपदेश होतो की बघा, विधवेसारखं द्या. लहानपणापासून दरवर्षी ऐकलं. मी कधी एक वचन मागं जाऊन पाहिलं नव्हतं. मावशीला पत्र आलं त्या आठवड्यात पाहिलं. अडतिसाव्या ते चाळिसाव्या वचनात येशू शास्त्र्यांबद्दल सावध करतो आहे. लांब झगे घालून मिरवणारे, बाजारात लोकांनी सलाम करावा म्हणून धडपडणारे, सभास्थानात पुढच्या जागा धरणारे, लांबलचक प्रार्थना करणारे, आणि विधवांची घरं गिळणारे. हे बोलून तो भांडारासमोर बसतो आणि लगेच ती विधवा येते. पुढच्या अध्यायाच्या सुरुवातीला शिष्य मंदिराच्या दगडांचं कौतुक करतात आणि तो सांगतो की यातला दगडावर दगड राहणार नाही.

यात येशूनं कुठंही म्हटलेलं नाही की तुम्हीही असंच करा. त्यानं फक्त दाखवलं. ज्या व्यवस्थेनं तिचं घर गिळलं त्याच व्यवस्थेच्या पेटीत ती शेवटच्या टोल्या टाकते आहे, ते बघा. मी ते कौतुक म्हणून वाचत होते. आता मला त्यात राग दिसतो. माझं वाचन चुकीचं असेल तर पाळकसाहेबांनी व्यासपीठावरून चाळिसावं वचनही मोठ्यानं वाचावं आणि मग माझी चूक दाखवावी. गेल्या पंधरा वर्षांत मी ते त्या पाठाबरोबर वाचलेलं ऐकलं नाही.

दुसरी गोष्ट, हिशेबाची. वार्षिक सभेत मी उभी राहून विचारलं की फंडात महिला संघाकडून किती आलं आणि पाळकांच्या विधवांसाठी काही तरतूद आहे का. एक वडीलधारे गृहस्थ, ज्यांच्या मांडीवर मी खेळले आहे, प्रेमानं म्हणाले, “बाळा, देवाच्या घरात हिशेब मागायची आपली रीत नाही.” रीत नाही? प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय उघडा. पहिल्या मंडळीत पहिलं जाहीर भांडण झालं ते कशावरून? रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या लोकांच्या विधवांना डावललं जातं, या तक्रारीवरून. आणि प्रेषितांनी काय केलं? त्यांना गप्प बसवलं नाही. सगळ्यांना बोलावलं आणि ते काम बघायला सात माणसं नेमली. म्हणजे मंडळीतली पहिली कमिटी विधवांच्या हिशेबातून जन्मली. (सातही पुरुष नेमले, हे माझ्याही लक्षात आलं आहे.) शिवाय आमची मंडळी ज्या ट्रस्टखाली आहे त्याला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, म्हणजे १९५० चा जुना मुंबईचा कायदा, लागू आहे. तपासलेले हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात द्यावे लागतात आणि ज्याचा संबंध आहे त्याला ते पाहायला मिळतात. रीत नसेल, कायदा आहे.

सभेत माझ्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही. दानात बाईचं आणि पुरुषाचं असं वेगळं नसतं, एवढं एक जण म्हणाले. बरोबर आहे, दानात नसतं. कमिटीत असतं. अकरा जणांत दोन बायका, आणि त्यांतल्या एकीकडे चहापाण्याचं खातं.

आता दोन आक्षेपांबद्दल. दोन वेगवेगळ्या दिशांनी येतात, पण दोन्हींचा शेवट बाईनं गप्प बसण्यात होतो.

पहिला आमच्या लोकांचा. सध्याचे दिवस कसे आहेत, आपल्याकडे आधीच संशयानं पाहतात, प्रार्थनासभांवर माणसं चालून येतात, अशा वेळी घरातली धुणी बाहेर कशाला? ही भीती खोटी नाही. मीही ती घेऊन जगते. इस्पितळात नाव सांगितल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला माहीत आहे. पण दिवस चांगले होते तेव्हा तरी आमच्या बायकांचं ऐकलं का? ख्रिस्ती घटस्फोटाचा कायदा १८६९ चा. नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढं कारण पुरे. बायकोला मात्र नवऱ्याचा व्यभिचार आणि वर क्रूरता किंवा सोडून देणं असं आणखी काही सिद्ध करावं लागे. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं ती कलमं मोडून काढली आणि संसदेनं कायदा बदलला तो २००१ मध्ये. एकशे बत्तीस वर्षं. त्यातली कितीतरी वर्षं आमच्या समाजाला कुणाची भीती नव्हती. मुसलमान बायकांनी १९८६ मध्ये हेच ऐकलं, आधी समाज वाचू दे, मग तुमचं बघू. बाईचं बघण्याची वेळ कधी येते, ते एकदा कुणीतरी तारीख घालून सांगावं.

दुसरा आक्षेप तुमचा आहे, मैत्रिणींनो. शिबिरात मी हे सगळं बोलले तेव्हा एक अनुभवी कार्यकर्ती म्हणाली, “मग सोडून दे ना चर्च. कशाला हवं?” तिच्या मनात माझ्याविषयी माया होती, तरी मला ते लागलं. सासरी छळ होतो म्हणून आलेल्या बाईला आपण पहिल्या दिवशी ‘सोडून दे’ म्हणत नाही. तिला विचारतो, तुला काय हवं आहे? घर तुझं पण आहे ना? मग देवळा-चर्चच्या बाबतीत हा प्रश्न आपण का विचारत नाही? ते कंपाउंड माझ्या आजीनं झाडलं आहे. त्या भिंतीच्या विटा माझ्या पणजीनं डोक्यावरून वाहिल्या. ते मी एकतीस वर्षांच्या मावशीसकट अकरा जणांच्या ताब्यात देऊन बाहेर पडू, आणि त्याला मुक्ती म्हणू?

पंडिता रमाबाईंना आपण सगळ्या आपली मानतो, फोटो लावतो. त्यांचं ख्रिस्तीपण मात्र पुष्कळ वेळा चिमट्यानं बाजूला ठेवतो, आणि चर्चवाले त्यांचं भांडखोरपण बाजूला ठेवतात. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि लगेच तिथल्या सिस्टर जेराल्डीनशी पत्रांतून वाद सुरू केला. एका पुरोहितवर्गाचं जू आत्ताच कष्टानं मानेवरून काढलं आहे, दुसऱ्याचं घालून घेणार नाही, असा त्यांचा सूर होता. त्यांनी धर्म सोडला नाही आणि मानही वाकवली नाही. पुढं केडगावच्या मुक्तीत त्यांनी बायबलचं मराठी भाषांतर केलं तेव्हा खिळे जुळवणाऱ्या आणि छापणाऱ्या बायकाच होत्या. ज्या बायकांनी पुस्तकच छापून दिलं त्यांच्या नातींनी पावतीपुस्तक मागितलं तर कुणाचं काय बिघडतं?

माझ्या एका मिझो सहकारणीनं सांगितलं, त्यांच्याकडे दर वेळी भात रांधताना बाई एक मूठ तांदूळ चर्चसाठी वेगळा काढते. शंभराहून जास्त वर्षांची रीत. त्या मुठींवर तिथल्या मंडळीची मोठमोठी कामं उभी राहिली. आणि त्या शंभर वर्षांत तिथल्या प्रेस्बिटेरियन मंडळीनं एकाही बाईला पाळकपदाची दीक्षा दिली नाही. मूठ चालते, हात चालत नाही. दक्षिणेत २०१३ साली ई. पुष्पललिता बिशप झाल्या, तेव्हा आमच्या महिला संघानं पेढे वाटले होते. मीही खाल्ले. पण बाई बिशप झाली तरी पाळकाच्या विधवेनं महिनाअखेर कुठं जायचं, हा प्रश्न आपोआप सुटत नाही. मला खुर्चीपेक्षा आधी ती मागची खोली हवी आहे.

मग मी देत काय आहे, असं कुणी विचारेल, आणि विचारावं. मी दशांश काढते. दर महिन्याच्या एक तारखेला काढते. त्यातून मावशीच्या खोलीचं भाडं जातं. उरतं ते तिच्या मुलीच्या बसच्या पासाला. मला याचं कौतुक नको, ही फेड आहे. रविवारी गावी असले तर शब्बाथशाळा घेते, बायकांचं रक्तदाब-साखर तपासते, मंडळीत असलेल्या नसलेल्या सगळ्यांचं. फक्त तो कागद भरत नाही, कारण त्यावर ‘मंडळीला’ लिहिलं आहे आणि मंडळी म्हणजे कोण ते अजून ठरलेलं नाही.

मावशीला हे आधी पटलं नाही. भाडं घेताना तिनं किती आढेवेढे घेतले! आणि घेतल्यावर पहिलं काम काय केलं असेल? ब्लाउजांच्या पैशातून स्वतःचा दशांश काढून ज्या मंडळीनं तिला घराबाहेर काढलं तिच्याकडे माझ्या हाती पाठवला. माझा संताप झाला. त्या विधवेच्या दोन टोल्या माझ्या डोळ्यांसमोर आल्या, आणि मी तिला बरंच बोलले. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, “मी त्यांना देत नाही गं. तू ने.” जरा थांबून म्हणाली, “पावती मात्र माझ्या नावानं आण. पाळकीणबाई म्हणून नको.” खजिनदारांनी पावतीपुस्तक काढलं आणि मला विचारलं, बाईंचं नाव काय? एकतीस वर्षांतली सात वर्षं तिनं याच माणसाच्या घरी दुखण्याखुपण्याला रात्री काढल्या होत्या.

आमची वार्षिक सभा फेब्रुवारीत आहे. मी ठराव दिला आहे. पाळकांच्या पत्नीनं मंडळीसाठी केलेल्या कामाची नोंद ठेवावी आणि त्याचं मानधन तिच्या नावावर जमा व्हावं. पाळक वारल्यास कुटुंबाला किमान दोन वर्षं राहायला जागा असावी. पावती ज्या हातानं दिलं त्या नावानं फाडावी. महिला संघाचा जमाखर्च वेगळा छापावा. कमिटीत निम्म्या बायका असाव्यात. मंडळीतल्या नर्सेस आणि शिक्षिका, ज्या बाहेरगावी कमावतात, त्यांना मी पत्रं लिहिली आहेत की त्यांनीही आपला कागद सुपात टाकण्याआधी एकदा मागची पिढी आठवावी. चौघींनी उत्तर दिलं. एकीनं लिहिलं की तिच्या आईला आवडणार नाही.

ठरावाला सूचक आणि अनुमोदक लागतात, दोघंही पूर्ण सभासद. सूचक मी. अनुमोदकासाठी दोन महिने फिरले. तरुण संघातल्या मुलांनी पाठिंबा आहे म्हणून सांगितलं, सही केली नाही. गेल्या रविवारी उपासनेनंतर आईनं माझ्याकडे पेन मागितलं. तिनं सही केली आहे, तिच्या अंगणवाडीच्या हजेरीवर करते तशी, पूर्ण नावाची. आता एक सही कमी पडत नाही. मतं किती पडतील ते पुढच्या अंकात कळवते. ज्या गटांनी आपापल्या धर्मसंस्थांत असे ठराव मांडले असतील, त्यांनी मसुदे संपादकांच्या पत्त्यावर पाठवावेत. जानेवारी संपायच्या आत मिळाले तर उपयोग होईल.